मैलाचा दगड : किती आलो, की किती उरलं?

इंग्रजीतून मराठीत आलेले आणि आता मराठीच वाटायला लागलेले शब्दप्रयोग आपण या मालेत एकेक करून बघतो आहोत. आजचा शब्दप्रयोग आहे 'मैलाचा दगड'. वाशीत बसून याच्यावर बोलायचं ठरवलं, त्याला कारण आहे. गेल्या पन्नास वर्षांत या शहरात जितक्या गोष्टींना मैलाचा दगड म्हटलं गेलं, तितके खरे दगड ठाण्यापासून पुण्यापर्यंतच्या रस्त्यावर सापडायचे नाहीत. खाडीपूल झाला, मैलाचा दगड. रेल्वे आली, मैलाचा दगड. मेट्रो, विमानतळ, तेही तसेच. आम्हाला आज विचारायचंय ते एवढंच, की दगडावरचा आकडा कुठे गेला?

आधी खऱ्या दगडाकडे जाऊ. मैल हा शब्द लॅटिनमधून आला. 'मिल्ले पास्सुस' म्हणजे हजार पावलं. मात्र रोमन सैनिकाचं एक पाऊल म्हणजे आपली दोन पावलं, डावा पाय टेकल्यापासून पुन्हा डावा टेकेपर्यंत. म्हणून रोमन मैल साधारण १,४८० मीटरचा भरतो. दर हजार पावलांवर रस्त्याच्या कडेला माणसाएवढा दगडी खांब उभा करायचा, त्यावर आकडा कोरायचा, ही रोमन पद्धत. इसवी सनापूर्वी २० साली ऑगस्टसने रोमच्या चौकात एक सोनेरी मैलखांब उभारला. साम्राज्यातले सगळे रस्ते जणू तिथून निघतात, असा त्याचा अर्थ.

आता गंमत बघा. या खांबांवर आकड्याच्या जोडीला सम्राटाचं नाव, त्याच्या पदव्या, त्याने रस्ता केला किंवा दुरुस्त केला याची नोंदही असायची. सुरुवातीला नाव आणि अंतर दोन्ही. पण साम्राज्याच्या उतरत्या काळातले असे अनेक खांब सापडले आहेत, ज्यांच्यावर सम्राटाचं नाव ऐसपैस कोरलंय आणि अंतराचा आकडाच नाही. प्रवाशाने त्याच्याकडे बघून काय समजायचं? एवढंच, की राज्य कुणाचं आहे. म्हणजे मैलाच्या दगडाची कोनशिला व्हायला फार वाट बघावी लागली नाही, ती रोमनांच्याच काळात झाली होती. हा मुद्दा लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

इंग्लंडमध्ये हे दगड परत जोरात आले अठराव्या शतकात, टोलच्या रस्त्यांबरोबर. १७६७ पासून तिथे टोलच्या रस्त्यांवर मैलाचे दगड लावणं सक्तीचं झालं. कारण व्यवहाराचं होतं. भाड्याच्या घोड्यांचे पैसे मैलावर ठरायचे, टपालगाडीची वेळ मैलावर बांधलेली असायची. दगड चुकीच्या जागी असेल तर कुणाच्या तरी खिशातून जास्त पैसे जाणार. त्यामुळे दगडाचा खरेपणा ही चैन नव्हती. मैलाच्या दगडाशी पैशाचं नातं असं जुनं आहे, तेही ध्यानात ठेवा.

आणि याच रस्त्यांवरून प्रवास करणाऱ्या पिढ्यांनी पुढे एकोणिसाव्या शतकात आयुष्यातल्या घटनांना मैलाचे दगड म्हणायला सुरुवात केली. लग्न, पन्नाशी, एखाद्याचा मृत्यू. त्या वेळी या शब्दाला थोडी उदास छटा होती. आणखी एक दगड मागे पडला, म्हणजे वाट तेवढी कमी उरली. 'अभिनंदन' हा भाव त्यात नंतर भरला गेला, आणि विसाव्या शतकात वर्तमानपत्रं, कंपन्या, सरकारी अहवाल यांनी तो इतका ठासून भरला की आता दुसरं काही ऐकूच येत नाही.

मुंबईत हे दगड अजून आहेत. फोर्टमधलं सेंट थॉमस चर्च १७१८ मध्ये उघडलं, पुढे १८३७ मध्ये ते कॅथीड्रल झालं. तेच मुंबईचं शून्य. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथून मैल मोजून काळ्या बसाल्टचे दगड लावले, वर रोमन आकडे. शंभर-दीडशे वर्षांत रस्ते उंच होत गेले, फुटपाथ चढत गेले आणि बरेचसे दगड गळ्यापर्यंत गाडले गेले. गेल्या काही वर्षांत मुंबई महापालिकेने ते खणून, साफ करून पुन्हा उभे केलेत. दादर-परळ भागात चालताना कधी दिसला तर जरूर थांबून बघा.

या मुंबईच्या दगडावर एकच आकडा असतो, चर्चपासूनचा. आता समजा दगडावर सहा आहे. फोर्टातून निघून उत्तरेकडे चाललेल्या माणसासाठी त्याचा अर्थ 'सहा मैल आलो'. तोच दगड बाहेरून शहराकडे येणाऱ्या भाजीवाल्याला काय सांगतो? 'अजून सहा मैल चालायचंय.' दगड तोच, आकडा तोच. तोंड कुठल्या दिशेला आहे यावर अर्थ ठरतो. आपण आज जेव्हा 'मैलाचा दगड गाठला' म्हणतो, तेव्हा बोलणारा कायम चर्चकडून निघालेला असतो. भाजीवाल्याची बाजू शब्दातून गळून गेलेली आहे. आमच्या मते या शब्दप्रयोगाच्या बदललेल्या अर्थाचं मर्म इथे आहे. खऱ्या दगडाची दोन कामं होती, किती आलो ते सांगणं आणि किती उरलं ते सांगणं. अलंकारिक दगडाने पहिलं काम ठेवलं, दुसरं सोडून दिलं.

मराठीत हा प्रयोग इंग्रजीचं शब्दशः भाषांतर होऊन आला, हिंदीत 'मील का पत्थर' आला तसाच. पुढे १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली, १९६२ पर्यंत टप्प्याटप्प्याने लागू झाली. रस्त्यावरचे दगड किलोमीटरचे झाले, राष्ट्रीय महामार्गाला पिवळ्या डोक्याचे, राज्य महामार्गाला हिरव्या. पण 'आमच्या संस्थेने किलोमीटरचा दगड गाठला' असं कुणी म्हणत नाही. मैल रस्त्यावरून गेला, भाषेत राहिला. फर्लांगही तसाच, 'फर्लांगभर अंतरावर' म्हणणाऱ्या किती जणांना एका मैलाचे आठ फर्लांग होतात हे ठाऊक असेल? काही ठिकाणी तर मैल गावाच्या नावातच जाऊन बसला. नाशिकहून ओझरकडे जाताना 'दहावा मैल' लागतो. तिथला दगड राहिला काय, गेला काय, कंडक्टर 'दहावा मैल' असंच ओरडतो.

मग प्रश्न येतो, इंग्रज यायच्या आधी मराठी माणूस प्रगती कशात मोजत होता? शब्द भरपूर होते. कोस होता. पल्ला होता, 'अजून बराच पल्ला गाठायचाय' असं आपण आजही म्हणतो, आणि बघा, त्यात उरलेलं अंतर शाबूत आहे. टप्पा होता. आणि मजल होती.

मजल या शब्दावर जरा थांबू, कारण तो फार रंगतदार आहे. अरबी 'मंझिल'पासून आला. मंझिल म्हणजे उतरण्याची, मुक्काम करण्याची जागा. मराठीत मजल म्हणजे एका दिवसाची चाल. फौज 'मजल दरमजल' करत जायची, म्हणजे चाल आणि मुक्काम, चाल आणि मुक्काम. हळूहळू अर्थ सरकला. 'मजल मारली' म्हणजे मोठं काम केलं. म्हणजे मैलाच्या दगडाचं इंग्रजीत जे झालं, तेच मजलेचं मराठीत झालं, थांबा होता त्याचा पराक्रम झाला. पण मराठी तिथे थांबली नाही. 'तुझी एवढी मजल गेली?' इथे मजल म्हणजे आगाऊपणा! पराक्रम मर्यादेबाहेर गेला की त्याला काय म्हणायचं, याचीही सोय भाषेने त्याच शब्दात करून ठेवली. मैलाच्या दगडाला अजून ही छटा आलेली नाही. यायला हरकत नाही असं आम्हाला अधूनमधून वाटतं.

आणि इमारतीचा 'मजला'? तोही याच कुळातला. उतरण्याची जागा, राहण्याची जागा, मग घराचा एकेक थर. प्रवासाचा टप्पा आणि इमारतीचा टप्पा, दोन्हींची आजी एकच. हे सांगायचं कारण, नवी मुंबईतल्या सर्वात महागड्या मैलाच्या दगडाकडे आता आपण येतोय. तो उलव्यात, द्रोणागिरीत, पनवेलजवळ, तळोज्यात, जिथे जिथे बांधकाम चालू आहे तिथे उभा आहे.

बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतलात की पैसे टप्प्यांनी द्यायचे असतात. बिल्डरच्या कागदात या टप्प्यांना 'माईलस्टोन' म्हणतात. ते हवे तसे लावता येत नाहीत. रेराच्या कायद्यानुसार नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. त्यापुढचं महाराष्ट्राच्या नियमांमधल्या नमुना करारात आहे. करार झाल्यावर एकूण ३० टक्क्यांपर्यंत. जोतं, म्हणजे प्लिंथ पूर्ण झाल्यावर ४५ पर्यंत. सगळे स्लॅब पडल्यावर ७० पर्यंत. भिंती, आतलं प्लास्टर, लाद्या, दारं-खिडक्या झाल्यावर ७५. नळ-संडासाचं सामान, जिने, लिफ्टचे कोठे, लॉबी झाल्यावर ८०. बाहेरचं प्लास्टर, बाहेरचं प्लंबिंग, गच्चीचं वॉटरप्रूफिंग झाल्यावर ८५. लिफ्ट, पंप, वीज वगैरे बसल्यावर ९५. आणि शेवटचे ५ टक्के ताबा देताना.

हे आकडे नीट बघा. शेवटचा स्लॅब पडला त्या दिवशी एक कोटीच्या फ्लॅटचे सत्तर लाख देऊन झालेले असू शकतात. त्या दिवशी तिथे काय आहे? खांब आणि छत. भिंत नाही, नळ नाही, लिफ्ट नाही. बांधकामातला कुणीही सांगेल की सांगाडा भराभर चढतो आणि वेळ खातं ते फिनिशिंग, मग पाणी-ड्रेनेजची जोडणी आणि भोगवटा प्रमाणपत्र. म्हणजे पैशाचा दगड सत्तरावर आहे, पण राहायला जाण्याचा दगड कदाचित पन्नासाच्याही अलीकडे असेल. दोन वेगवेगळी अंतरं एकाच दगडावर लिहिली की असं होतं. आम्ही असं म्हणत नाही की ही विभागणी अन्यायाची आहे. सांगाड्याला खर्च येतोच, आणि नियम नसता तर याहून वाईट झालं असतं, पूर्वी व्हायचंही. पण 'सतरावा स्लॅब झाला, अभिनंदन, मोठा माईलस्टोन!' असा मेसेज बिल्डरकडून येतो तेव्हा ते अभिनंदन नसतं, डिमांड लेटरची पूर्वसूचना असते, एवढं घेणाऱ्याला कळायला हवं. काम किती झालं याचं आर्किटेक्ट आणि इंजिनियरचं प्रमाणपत्र बिल्डरला द्यावं लागतं, आणि प्रकल्पाची माहिती महारेराच्या संकेतस्थळावर चढवावी लागते. हप्ता भरण्याआधी ती उघडून बघायला काही पैसे पडत नाहीत.

इंग्रजीत मैलाचा दगड तो 'माईलस्टोन' आणि जात्याचा दगड तो 'मिलस्टोन'. दोघांत एका अक्षराचा फरक. गळ्यात जात्याचा दगड बांधणं ही बायबलमधली प्रतिमा आहे, आपल्याकडे तिला गळ्यातली धोंड म्हणतात. ताबा लांबला, भाडंही चालू आणि ईएमआयही चालू, की पहिल्या दगडाचा दुसरा कधी झाला ते घरातल्या माणसांना विचारा.

इथे प्रोजेक्ट मॅनेजमेंटवाल्यांची एक गोष्ट आम्हाला पटते. त्यांच्या वेळापत्रकात माईलस्टोनला कालावधी शून्य असतो. काम चालतं, त्याला दिवस लागतात. माईलस्टोन म्हणजे फक्त खूण, तिची लांबी नसते. दगड चालत नाही, माणूस चालतो. रोजच्या बोलण्यात आपण उलटं करतो, सगळं कौतुक दगडाचं.

अर्थ बदलण्याचा आणखी एक प्रकार बालरोगतज्ज्ञांकडे दिसतो. लसीकरणाला नेलं की डॉक्टर विचारतात, 'माईलस्टोन वेळेवर आहेत ना?' मान धरणं, बसणं, आधाराशिवाय चालणं, पहिला शब्द. अमेरिकेत येल विद्यापीठात आर्नल्ड गेसेल यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुलांच्या वाढीची अशी वेळापत्रकं पद्धतशीर मांडली. पण या दगडावरचा आकडा म्हणजे नक्की काय? २०२२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने आपली यादी बदलली. आधीच्या यादीत साधारण निम्मी मुलं ज्या वयात एखादी गोष्ट करतात ते वय धरलेलं होतं. नव्या यादीत ७५ टक्के किंवा जास्त मुलं ती करतात ते वय घेतलं. फरक लहान वाटतो, पण तो फार मोठा आहे. निम्म्यांच्या हिशेबात मूल मागे असेल तर डॉक्टरही म्हणणार, 'थांबू या थोडं, करेल.' पाऊणच्या हिशेबात मागे असेल तर थांबायचं नाही, तपासून घ्यायचं. त्याच वेळी रांगणं यादीतून काढून टाकलं, कारण बरीच मुलं न रांगताच उभी राहतात.

म्हणजे दवाखान्यात मैलाचा दगड हा पराक्रम नसून इशारा आहे. आणि घराघरात काय होतं? 'आमचा दहाव्या महिन्यात चालला', 'तुमची अजून नाही का चालत?' शेजारपाजारी, सोसायटीच्या बागेत, फॅमिली ग्रुपवर. डॉक्टरांनी इशारा म्हणून ठेवलेला दगड आपण शर्यतीचा करून टाकला. लवकर चालणाऱ्याचं कौतुक होतं आणि ज्याला खरी मदत लागणार आहे त्याची आई लाजून गप्प बसते. डॉक्टरांचा जुना मराठी शब्द 'वाढीचे टप्पे' आम्हाला इथे जास्त बरा वाटतो. टप्पा थोडा पुढेमागे होतो, त्यात हरणं नसतं.

आता नवी मुंबईकडे. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. शहरासाठी ठाणे आणि आजच्या रायगड जिल्ह्यातल्या ९५ गावांची जमीन ठरली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वाशीचा पहिला खाडीपूल झाला. त्याआधी मुंबईहून पनवेलला गाडीने यायचं तर ठाणे, कळवा, मुंब्रा, शीळ असा वळसा होता. पूल झाला आणि अंतरच बदललं, जुन्या वाटेवरचे दगड खरे असूनही निरुपयोगी झाले. मे १९९२ मध्ये वाशीपर्यंत लोकल आली. १२ जानेवारी २०२४ ला जवळजवळ २२ किलोमीटरचा अटल सेतू उघडला. विमानतळाचं भूमिपूजन १८ फेब्रुवारी २०१८ ला, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला. बेलापूर ते पेंधर मेट्रोची पायाभरणी १ मे २०११ ला झाली आणि गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ ला. अकरा किलोमीटरला साडेबारा वर्षं.

साडेबारा हा आकडा या भागात दुसऱ्या कारणाने प्रसिद्ध आहे. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासई परिसरात जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, गोळीबार झाला, पाच जण गेले. त्यातून पुढे साडेबारा टक्के योजना आली, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत. आता शासकीय पुस्तिकेत शहराचे मैलाचे दगड असतील ते १९७० पासून पुढे मोजलेले. आगरी-कोळी गावातला माणूस मोजतो तो १९८४ पासून, किंवा शेतात मोजणीवाले आले त्या दिवसापासून, आणि त्याच्या दगडावर 'किती उरलं' लिहिलेलं असतं: किती प्लॉट मिळायचे बाकी, गावठाणाची हद्द ठरायची बाकी, बांधलेलं घर नियमित व्हायचं बाकी. सेंट थॉमसचं शून्य एक होतं आणि ते सरकारने ठरवलं होतं. इथे शून्यं दोन आहेत.

मागच्या वेळी श्रोत्यांपैकी एकांनी विचारलं होतं, असे उसने शब्दप्रयोग वापरूच नयेत का? वापरा की. शंभर वर्षं भाषेत राहिलेल्याला उसना म्हणणंही बरं नाही. पण निवड करता येते. काम संपलं असेल तर 'मैलाचा दगड' कशाला, सरळ 'काम झालं' म्हणा. काम चालू असेल तर 'टप्पा' म्हणा, ऐकणारा लगेच विचारतो, 'कितवा? पुढचा कधी?' मैलाचा दगड म्हटलं की असं कुणी विचारत नाही, टाळ्या वाजवतात. वारीत बघा, आळंदीहून निघालेली पालखी वाखरीला पोचते तेव्हा तिथे कुणी यशाची घोषणा करत नाही. वाखरी म्हणजे पंढरपूर उद्या, हे चालणाऱ्याला, स्वयंपाक करणाऱ्याला, पाण्याच्या टँकरवाल्याला, सगळ्यांना माहीत असतं.

पुढच्या व्याख्यानात 'लाल फीत'. ती फीत खरोखर लाल होती का, आणि सरकारी फायलींना अजून बांधतात का, ते बघू. त्याआधी जमलं तर घराजवळच्या रस्त्यावरचा एखादा खरा दगड शोधून ठेवा, आणि त्यावर कुठल्या गावाचं अंतर लिहिलंय ते बघा.